उष्ण कटिबंधातल्या समुद्रावरचं हवामान आणि वाऱ्याचे इशारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा बोटीवर चढलेले कॅडेट, शिडाच्या छोट्या बोटीतून लांबचा प्रवास आखणारे हौशी लोक आणि बोटीवर गेलेल्या माणसाच्या काळजीने मोबाइलवर वादळाचा नकाशा उघडून बसलेली घरची मंडळी, अशा तिघांकडून प्रश्न येत राहतात आणि त्यांतले बरेचसे तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कर्कवृत्त ते मकरवृत्त या पट्ट्यातल्या खुल्या समुद्राबद्दल आहेत. जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे एकच गैरसमज दडलेला दिसतो: इशारा नाही, म्हणजे समुद्र शांत. तो गैरसमज जावा ही मनापासूनची इच्छा आहे, कारण त्यापायी माणसं जखमी झालेली मी पाहिली आहेत.

1. समुद्रासाठीचं हवामान बुलेटिन वेगळं कसं असतं? त्यात काय काय येतं?

जमिनीवरच्या अंदाजात पाऊस आणि तापमान आधी येतं. समुद्रावर वारा आणि लाटा. बुलेटिनचा क्रम ठरलेला असतो. आधी इशारे, मग हवामानाचं एकूण चित्र, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र कुठे आहे आणि कुठे सरकतंय ते, आणि शेवटी विभागवार अंदाज: वाऱ्याची दिशा आणि वेग, लाटांची उंची, दृश्यमानता. इशारा नसेल तर तसंही स्पष्ट लिहितात. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरासाठीच्या एकाच प्रमाण वेळेत असतात, बोटीवरच्या घड्याळाच्या नव्हे.

जगातला समुद्र 21 मेटएरियांमध्ये वाटलेला आहे आणि प्रत्येक भागाची जबाबदारी ठरावीक हवामान खात्याकडे आहे. उत्तर हिंदी महासागराचा मोठा भाग भारताकडे, त्याच्या दक्षिणेचा मॉरिशसकडे. बोट दोन मेटएरियांच्या सीमेजवळ असेल तर दोन्हीकडची बुलेटिनं वाचा. दोघांचे आकडे तंतोतंत जुळले नाहीत तर गोंधळू नका. त्याचं कारण प्रश्न 4 मध्ये आहे.

2. वाऱ्याचा इशारा नेमका किती वेगाला देतात?

तीन आकडे पाठ करून ठेवा: 34, 48 आणि 64 नॉट. 34 नॉटपासून गेल वॉर्निंग, 48 पासून स्टॉर्म वॉर्निंग आणि 64 पासून हरिकेन फोर्स. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापनात हे अनुक्रमे 8, 10 आणि 12 आहेत. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये हे मापन बेतलं, ते आजही ब्रिजवर, म्हणजे बोट चालवण्याच्या खोलीत, रोज वापरात आहे.

34 च्या खाली काय? इथेच लोक फसतात. 30 नॉटचा वारा दिवसभर एकाच दिशेने वाहत राहिला तर समुद्र चांगलाच खवळतो, पण गेल वॉर्निंग निघत नाही. काही देश लहान बोटींसाठी याहून खालच्या पातळीवर वेगळा इशारा देतात. ऑस्ट्रेलियात तो 26 नॉटपासून सुरू होतो. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 20 चे 40 नॉट झाले की कंटेनरच्या भिंतीवर पडणारा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो.

3. नॉट म्हणजे ताशी किती किलोमीटर?

1 नॉट म्हणजे ताशी 1 सागरी मैल, म्हणजेच 1.852 किलोमीटर. त्या हिशेबाने 34 नॉट म्हणजे सुमारे 63, 48 म्हणजे 89 आणि 64 म्हणजे साधारण 119 किलोमीटर. या पानावर जिथे नुसतं मैल लिहिलंय तिथे सागरी मैल समजावं.

4. बुलेटिनमध्ये 35 नॉट लिहिलंय आणि आमचा अनिमोमीटर (वारा मोजायचं यंत्र) 50 दाखवतोय. अंदाज चुकला का?

बहुधा नाही. आधी हे तपासा की काट्यावर दिसणारा वारा खरा आहे की सापेक्ष. 35 नॉटच्या वाऱ्याला तोंड देत बोट 15 नॉटने चालली असेल, तर काटा 50 दाखवणारच.

तो हिशेब करूनही फरक उरला तर आणखी तीन कारणं असू शकतात. पहिलं, बुलेटिनमधला वेग सरासरी असतो. झोत त्याहून 40 टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतात, म्हणजे 35 च्या अंदाजात 49 चा झोत आला तरी अंदाज बरोबरच म्हणायचा. दुसरं, बुलेटिनमधला वेग समुद्रापासून 10 मीटर उंचीचा धरतात. मोठ्या जहाजाचा अनिमोमीटर 40 मीटरवर असतो आणि तिथे वारा दहा टक्क्यांहून अधिक जोराचा लागतो. तिसरं कारण सरासरीच्या कालावधीचं. जागतिक हवामान संघटनेची पद्धत 10 मिनिटांच्या सरासरीची, अमेरिकेची 1 मिनिटाची, भारताची 3 मिनिटांची. 1 मिनिटाची सरासरी 10 मिनिटांच्या सरासरीपेक्षा नेहमीच थोडी जास्त भरते. म्हणून एकाच वादळाचे दोन देशांनी दिलेले आकडे वेगळे दिसतात आणि दोघंही बरोबर असतात.

5. ‘ईशान्येचा वारा, प्रवाह ईशान्येकडे’ यात दोन्ही एकाच बाजूला जातायत ना?

नाही, बरोबर उलट. वारा आणि लाटा जिथून येतात त्या दिशेने सांगतात, प्रवाह जिकडे जातो त्या दिशेने. ईशान्येचा वारा नैर्ऋत्येकडे चाललेला असतो, म्हणजे इथे वारा आणि प्रवाह समोरासमोर आले. अशा ठिकाणी लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि लाटांच्या उंचीचा आकडा तोच असला तरी बोट कितीतरी जास्त आपटते.

6. लाटांची उंची 4 मीटर लिहितात. म्हणजे 4 मीटरपेक्षा मोठी लाट येणार नाही?

येईल, आणि एकदा नव्हे. बुलेटिनमधली उंची सिग्निफिकंट वेव्ह हाइट असते: सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटांची सरासरी. समुद्राकडे नुसत्या डोळ्यांनी बघणारा अनुभवी माणूस साधारण तेवढीच उंची सांगतो, म्हणून हे माप रूढ झालं. पण साधारण हजार लाटांमागे एक लाट या आकड्याच्या पावणेदोन ते दोन पट उंच असते. दर 10 सेकंदांनी एक लाट धरली तर हजार लाटा पावणेतीन तासांत येऊन जातात. म्हणजे 4 मीटरच्या समुद्रात 4 तासांची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, करणाऱ्याने 7-8 मीटरची एक तरी लाट आपल्या वॉचमध्ये येणार असंच धरावं. डेकवर माणूस पाठवताना मनात 4 नव्हे, 8 हा आकडा असू द्या.

बेरजेचा प्रश्नही याच्याच जोडीने येतो. वाऱ्याची लाट 2 मीटर आणि स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून आलेली लाट, 3 मीटर असेल तर एकूण 5 मीटर होत नाही. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं: 4 अधिक 9, म्हणजे 13, वर्गमूळ सुमारे 3.6 मीटर.

7. वारा पडलेला, आकाश निरभ्र, इशारा नाही, तरी बोट इतकी का लोळतेय?

स्वेल. दूर कुठेतरी झालेल्या वादळाच्या लाटा वाऱ्याला मागे टाकून इथवर आलेल्या असतात. खोल पाण्यात लाटांच्या समूहाचा वेग नॉटमध्ये हवा असेल तर लाटांचा काळ, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ, सेकंदांत घेऊन त्याला दीडने गुणा. 16 सेकंदांचा स्वेल 24 नॉटने पुढे सरकतो. दक्षिण गोलार्धात 40 अंशांवर उठलेला असा स्वेल चार-पाच दिवसांत विषुववृत्त ओलांडून उत्तरेला पोचतो. केरळच्या किनाऱ्यावर वारा नसताना अचानक आत घुसणाऱ्या अशा लाटांना मल्याळी मच्छीमार ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे वेगळे इशारे देते. ते लाटांचे इशारे असतात, वाऱ्याचे नव्हेत, त्यामुळे फक्त वाऱ्याचा इशारा वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतात.

स्वेलची उंची पाहता तसाच त्याचा काळही पाहा. 2 मीटरचाच स्वेल, पण त्याच्या लाटा तुमच्या बोटीच्या रोलिंगच्या, म्हणजे डाव्या-उजव्या झोक्याच्या, काळाशी जुळून आल्या की प्रत्येक लाट आधीच्या झोक्यात भर घालते. कोर्स, म्हणजे बोटीची दिशा, किंवा वेग थोडासा बदलला की हे जुळणं मोडतं. माझ्या वॉचमध्ये चार्टरूमचा कप्पा सुटून एका सहकाऱ्याचं मनगट मोडलं, तेव्हा वारा 6 नॉट होता.

8. व्यापारी वारे तर वर्षभर एकसारखे असतात. त्यांचा इशारा कशाला?

एकसारखी असते ती दिशा, जोर नव्हे. एरवी 10 ते 20 नॉटने वाहणारे हे वारे, ध्रुवाकडच्या बाजूला जास्त दाबाचं क्षेत्र बळावलं की 25-30 वर जातात आणि दिवसेंदिवस तसेच राहतात. चक्रीवादळाचा मागमूस नसताना समुद्र 3-4 मीटरचा होतो.

काही जागा तर ओळखूनच ठेवाव्यात. कॅरिबियन समुद्रात कोलंबियाच्या किनाऱ्यापुढे डिसेंबर ते मार्च व्यापारी वारे गेलच्या पातळीला पोचतात, तेही रात्री आणि पहाटे. दुपारचं शांतसं चित्र पाहून तिथे रात्रीचा अंदाज बांधू नका. दुसरी जागा अरबी समुद्राचा पश्चिम भाग, सोमालिया आणि सोकोत्राच्या बाजूचा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जोरदार झोत तिथून जातो. पृष्ठभागावर 30-35 नॉट आणि 4 मीटरच्या वरचा समुद्र ही जुलैतली तिथली नेहमीची स्थिती, आणि ती एका दिवसात सरत नाही. वादळ येतं आणि जातं. मोसमी वारा मात्र माणसांना आणि लॅशिंगला (माल बांधून ठेवणाऱ्या साखळ्या-दोऱ्यांना) आठवडाभर दमवतो.

9. आकाश स्वच्छ, उष्ण कटिबंध, तरी तेवांतेपेकच्या आखातात 50 नॉट? हे कसं?

मेक्सिकोच्या दक्षिणेला डोंगररांगेत चिवेला नावाची खिंड आहे. हिवाळ्यात उत्तरेकडची थंड, जड हवा मेक्सिकोच्या आखातात उतरते, या खिंडीत कोंडते आणि पलीकडे पॅसिफिकवर पिचकारीसारखी सुटते. ऑक्टोबर ते एप्रिल हे वारंवार घडतं. गेल तर नेहमीचाच, कधी कधी वारा 48 नॉटही ओलांडतो. ढग नाही, पाऊस नाही, वायुभारही ओरडून काही सांगत नाही. किनाऱ्यालगत चालणारी बोट काही मैलांतच शांत पाण्यातून या झोतात शिरते. जुने खलाशी इथे किनाऱ्याला चिकटून जायचा सल्ला देतात, तो योग्य आहे: किनाऱ्याजवळ वारा तेवढाच असला तरी लाट उठायला त्याला अंतर मिळत नाही. खाली पापागायो आणि पनामाच्या आखातातही याचीच लहान भावंडं भेटतात.

10. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात अचानक 40 नॉटचा वारा लागला. त्याचा इशारा का नव्हता?

तो स्क्वॉल होता. दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे जिथे एकमेकांना भेटतात त्या पट्ट्यात मोठे गडगडाटी ढग उठतात. पाऊस कोसळताना त्याच्याबरोबर थंड हवा खाली येते आणि समुद्रावर आपटून चारी बाजूंना पसरते. व्याख्येनुसार वारा एकदम किमान 16 नॉटने वाढून 22 किंवा त्यावर गेला आणि किमान एक मिनिट टिकला की तो स्क्वॉल.

हा सगळा खेळ काही मैलांचा आणि अर्ध्या तासाचा. शेकडो मैलांच्या विभागाचा इशारा त्यासाठी काढता येत नाही. बुलेटिनमध्ये फार तर ‘विखुरलेले गडगडाटी पाऊस, स्क्वॉलची शक्यता’ एवढी ओळ येते. ती ओळ इशाऱ्याइतक्याच गांभीर्याने वाचा. बाकीचा इशारा तुम्हालाच मिळवायचा आहे: रडारवरचा पावसाचा डाग, ढगाच्या पायथ्याशी काळी कमान, चेहऱ्यावर एकदम लागलेली गार हवा. गार हवा लागली की हातात अगदी थोडी मिनिटं उरतात.

11. डिप्रेशन, सायक्लोन, हरिकेन, टायफून: यांत फरक काय?

गोष्ट एकच, समुद्र वेगळे. 64 नॉटचं वादळ अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमध्ये हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून. उत्तर हिंदी महासागरात भारतीय पायऱ्या अशा: 17 ते 27 नॉट डिप्रेशन, 28 ते 33 डीप डिप्रेशन, 34 ते 47 चक्रीवादळ, 48 ते 63 तीव्र, 64 ते 89 अतितीव्र, 90 ते 119 त्याहून वरचं, आणि 120 पासून सुपर सायक्लोन. एका समुद्रातून दुसऱ्यात गेल्यावर ‘सिव्हिअर’ हा शब्द ऐकून अंदाज बांधू नका, नॉटचा आकडा विचारा. सरासरीच्या पद्धतीतला फरक प्रश्न 4 मध्ये आलाच आहे.

12. विषुववृत्ताच्या 5 अंशांच्या आत चक्रीवादळ होत नाही हे खरं ना?

जवळजवळ खरं. तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम इतका क्षीण असतो की हवेला गोल पीळ बसत नाही. पण डिसेंबर 2001 मध्ये वामेई हे टायफून सिंगापूरजवळ विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर तयार झालं. म्हणून ‘सहसा होत नाही’ एवढंच म्हणा. आणि चक्रीवादळ नसलं तरी प्रश्न 7 आणि 10 मधल्या गोष्टी तिथे पुरेपूर असतात.

13. हंगाम संपल्यावर निर्धास्त राहावं का?

हंगामाच्या तारखा माणसांनी सोयीसाठी ठरवल्या आहेत. अटलांटिकचा 1 जून ते 30 नोव्हेंबर, पूर्व पॅसिफिकचा 15 मे पासून. दक्षिण गोलार्धात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. उत्तर हिंदी महासागरात मोसमी पावसाच्या आधी एक आणि नंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर, दुसरा. वायव्य पॅसिफिकमध्ये वर्षातला कुठलाही महिना. दक्षिण अटलांटिकला तर हंगामच नाही असं मानत, तिथे मार्च 2004 मध्ये कॅतरिना नावाने ओळखलं जाणारं चक्रीवादळ ब्राझीलच्या किनाऱ्यावर आदळलं. ऑफ सीझनला बुलेटिन वाचायला दोनच मिनिटं लागतात; ती रोज द्या.

14. चक्रीवादळाच्या बुलेटिनमधले ईशान्य, आग्नेय असे चार आकडे कसे वाचायचे?

समजा असं लिहिलंय: ‘34 नॉट: ईशान्य 120 मैल, आग्नेय 150, नैर्ऋत्य 90, वायव्य 60.’ वादळाच्या केंद्रातून प्लससारखी फुली मारून चार पाव भाग करा. त्या त्या भागात 34 नॉटचा वारा केंद्रापासून जास्तीत जास्त किती लांब पोचतो ते हे आकडे सांगतात. त्या पाव भागात सगळीकडे तेवढाच वारा आहे असा त्याचा अर्थ नाही.

चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, काम करताना मी यातला सर्वांत मोठा आकडा घेतो आणि त्यात अंदाजाच्या चुकीची भर घालतो. त्यासाठी 1-2-3 चा नियम आहे: 24 तासांनंतरच्या जागेभोवती 100 मैल, 48 तासांनंतर 200, 72 तासांनंतर 300. वरच्या उदाहरणात 48 तासांनंतरचं वर्तुळ 150 अधिक 200, म्हणजे 350 मैल त्रिज्येचं. तीन दिवसांची तीन वर्तुळं काढून बाहेरच्या कडा जोडल्या की न शिरण्याचा प्रदेश डोळ्यांसमोर येतो. हे अंतर फार वाटतं, कंपनीकडून इंधनाचा प्रश्नही येतो. तरीही वर्तुळ पेन्सिलने काढून चार्टवर ठेवा. समोर दिसणाऱ्या वर्तुळाला छेदून कोर्स आखताना हात आपोआप थांबतो.

15. वादळाच्या कुठल्या बाजूला धोका जास्त? वाटेत सापडलोच तर काय करायचं?

वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा. उत्तर गोलार्धात उजवी बाजू धोक्याची, दक्षिण गोलार्धात डावी. त्या बाजूला वादळाची चाल वाऱ्यात मिळते आणि वारा बोटीला वादळाच्या वाटेवरच ढकलतो.

आपण कुठल्या बाजूला आहोत ते वारा सांगतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत गेली तर आपण धोक्याच्या बाजूला, उलट फिरली तर दुसऱ्या बाजूला, आणि दिशा तीच राहून वायुभार पडत गेला तर थेट वाटेवर. धोक्याच्या बाजूला वारा उजव्या बोवर, म्हणजे पुढून उजवीकडून, घेऊन शक्य तेवढ्या वेगाने बाहेर पडायचं आणि वारा फिरेल तसं उजवीकडे वळत जायचं. दुसऱ्या बाजूला किंवा थेट वाटेवर असलो तर वारा उजव्या क्वार्टरवर, म्हणजे मागून उजवीकडून घ्यायचा. दक्षिण गोलार्धात हे सगळं आरशासारखं उलटं.

एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. ही परीक्षा बोट थांबलेली किंवा हळू असतानाची. तुमची बोट वादळाला मागून गाठत असेल तर वारा नेमका उलट्या दिशेने फिरल्यासारखा दिसतो आणि धोक्याची बाजू सुरक्षित वाटते. शंका असेल तर आधी वेग कमी करा, मग वारा पाहा.

16. उपग्रहाच्या जमान्यात बॅरोमीटरची नोंद दर तासाला कशाला?

कारण उष्ण कटिबंधात बॅरोमीटर जेवढं प्रामाणिकपणे बोलतो तेवढं दुसरं काही बोलत नाही. इथे वायुभाराला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. चढ आणि उतार यांतला फरक सुमारे 3 हेक्टोपास्कल.

थर्ड ऑफिसर असताना सकाळी दहाला 1011.8 आणि दुपारी चारला 1008.9 पाहून मी धावत कॅप्टनकडे गेलो होतो. त्यांनी लॉगबुकची मागची चार पानं उलटली आणि रोज चारच्या रकान्यावर बोट ठेवलं: 1009.0, 1008.8, 1009.1, 1008.9. मग म्हणाले, ‘‘हा उतार रोजचाच आहे. उद्या दहाला चढला नाही, तर मला झोपेतून उठव.’’ दुसऱ्या दिवशी चढला. पण त्यानंतर आजतागायत दहाची नोंद घेताना माझी नजर आधी मागच्या पानांवर जाते.

रोजचा चढ-उतार वजा करूनही वायुभार त्या ठिकाणच्या आणि महिन्याच्या सरासरीपेक्षा 3 हेक्टोपास्कल खाली असेल तर संशय धरा. 5 ने खाली असेल तर चक्रीवादळ जवळ आहे असंच समजा, बुलेटिन काहीही म्हणो.

17. मोबाइलवरचं अॅप 25 नॉट दाखवतं आणि बुलेटिनमध्ये गेल वॉर्निंग आहे. कुणाचं मानू?

बुलेटिनचं. अॅपमधले रंग बहुधा एकाच संगणकीय मॉडेलमधून आलेले असतात आणि फुकट मिळणारे आकडे अनेकदा पाव अंशाच्या जाळीवरचे, म्हणजे सुमारे 28 किलोमीटरला एक ठिपका. चक्रीवादळाच्या डोळ्याभोवतीचं कडं किंवा चिवेलासारखी खिंड त्या जाळीत नीट पकडली जात नाही आणि वारा कमी दिसतो. बुलेटिन लिहिणारा माणूस अनेक मॉडेलं, समुद्रातले बोये, जहाजांच्या नोंदी आणि उपग्रहावरच्या स्कॅटरोमीटरने मोजलेला वारा एकत्र पाहून निर्णय घेतो.

आणि माहितीचं वय पाहा. 1 ऑक्टोबर 2015 रोजी वाकीन चक्रीवादळात ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज बहामा बेटांजवळ बुडालं, 33 माणसं गेली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत जी कारणं पुढे आली त्यांत हेही होतं की ताजी हवामान माहिती उपलब्ध असताना कॅप्टनने जुन्या माहितीवर भिस्त ठेवली. स्क्रीनवरचं चित्र सुबक असलं की ते ताजंच वाटतं. चित्र उघडलं की पहिली नजर कोपऱ्यातल्या वेळेकडे गेली पाहिजे.

18. इशारा दिला आणि वारा आलाच नाही. असे इशारे किती गांभीर्याने घ्यायचे?

इशारा संपूर्ण विभागासाठी असतो. विभागाच्या एका कोपऱ्यात 34 नॉट अपेक्षित असले तरी तो निघतो. तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात 20 नॉटमध्ये होतात, एवढाच त्याचा अर्थ. मजकुरात अक्षांश-रेखांश दिलेले असतील तर ते चार्टवर मांडा, म्हणजे आपण आत होतो की बाहेर ते कळेल. ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ हे वाक्य मी ब्रिजवर अनेकदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी त्याने पोटात गोळा आला आहे.

19. इशारे बोटीवर पोचतात कसे? आम्हाला इशारे मिळतात, पण अंदाज येत नाही.

किनाऱ्यापासून साधारण 250 ते 400 मैलांपर्यंत नॅव्हटेक्स, म्हणजे रेडिओवरून येऊन बोटीवर छापले जाणारे संदेश, त्यापलीकडे उपग्रहावरून येणारी सेफ्टीनेट ही संदेशसेवा. नॅव्हटेक्सची मुख्य वारंवारता 518 किलोहर्ट्झ, स्थानिक भाषेसाठी 490. उष्ण कटिबंधात विजांच्या खरखरीमुळे या वारंवारतांचा कस लागतो, म्हणून 4209.5 किलोहर्ट्झही ठेवली आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा सेटिंगमध्ये आहे. नॅव्हटेक्सवर हवामानाचा इशारा ‘बी’ अक्षराने येतो आणि तो बंद करताच येत नाही. रोजचा अंदाज ‘ई’ अक्षराने येतो आणि तो बंद करता येतो. कागद वाचवण्यासाठी कुणीतरी तो बंद केलेला असतो. बोट हातात घेतल्याच्या पहिल्याच दिवशी हे तपासा.

20. माझा मुलगा बोटीवर आहे. नकाशावर बोट वादळाच्या अगदी जवळ दिसतेय. काय समजू?

आधी हे पाहा की नकाशावरची जागा कधीची आहे. खोल समुद्रात ती कित्येक तास, कधी दिवसभर जुनी असते. दुसरं, नकाशावर बोटभर दिसणारं अंतर 200-300 मैल असू शकतं. बोट वळसा घेऊन किंवा वेग कमी करून वादळाला पुढे जाऊ देतेय, असंही असतं. तेव्हा ती थांबल्यासारखी दिसते, ते चांगलं लक्षण आहे. फोन लागला नाही तर तोही अपघाताचा पुरावा नव्हे. अशा वेळी सगळे लॅशिंग आवळण्यात आणि वॉचमध्ये गुंतलेले असतात. काळजी वाटतेच, तेव्हा कंपनीच्या क्रू विभागाला निःसंकोच विचारा. त्यांच्याकडे बोटीचा रोजचा दुपारचा अहवाल असतो.

21. इशारा उठला, म्हणजे मागे घेतला, की लगेच निघायचं का?

वाऱ्याचा इशारा उठला, एवढंच. वारा काही तासांत पडतो, पण उठलेला समुद्र ओसरायला एखादा दिवस जास्त लागतो. निघण्याआधी लाटांचा अंदाज वेगळा वाचा (प्रश्न 6 आणि 7).

22. इशारा नसताना आम्हालाच 50 नॉटचा वारा लागला तर?

मग इशारा तुम्ही द्यायचा. सोलास या समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणानुसार ज्याचा इशारा मिळालेला नाही असा बोफर्ट 10 किंवा त्यावरचा वारा, किंवा चक्रीवादळ, भेटलं तर आसपासच्या जहाजांना आणि किनाऱ्यावरच्या यंत्रणेला कळवणं कॅप्टनवर बंधनकारक आहे. कळवायचं ते असं: तारीख आणि यूटीसी वेळ, जागा, वायुभार आणि मागच्या तीन तासांत तो किती बदलला, वाऱ्याची खरी दिशा आणि जोर, समुद्राची स्थिती, स्वेल, आपला कोर्स आणि वेग. वादळाच्या प्रभावात असेपर्यंत जमल्यास दर तासाला, नाही तर तीन तासांच्या आत पुन्हा. मजकूर नीटनेटका व्हायची वाट पाहू नका. जागा, वेळ, वायुभार आणि वारा हाती आले की पहिला संदेश पाठवा, बाकीचं पुढच्या संदेशात.